आक्काचं लाल तेल

"हुंग की रं. हुंगल्याबिगार तेल कळतंय व्हय?"

असं म्हणून आक्का तेलात बुडवलेली करंगळी समोरच्याच्या थेट नाकाखाली धरायची. समोरचा माणूस मामलेदार आहे की मिठाईवाला, याची तिला फिकीर नसे. बिचारा हुंगायचा. मग आक्का विचारायची, "काय वास येतोय?" तो चाचरत म्हणायचा, "तेलाचा." "म्हंजी तुला नाक न्हाई," असा निकाल देऊन ती ती करंगळी जवळ असेल त्या सदऱ्याला पुसायची. बहुतेक वेळा तो सदरा माझा असे.

मी तेव्हा सांगलीत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभा असे. मूळचा साताऱ्याचा, म्हणून आक्काच्या लेखी माझं नाव 'साताऱ्या'. तोंडावर आम्ही सगळे तिला अहो-जाहो करत असू. आठवणीत मात्र ती एकेरीच येते. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याबद्दल आदराने बोलायला गेलं की ते माणूस त्यातून निसटून जातं.

आक्का हळदीच्या एका व्यापाऱ्याची विधवा. पन्नाशीला आलेली, उंच, आवाज अडतीतल्या लिलावाला शोभेलसा. नवऱ्याने कुठल्याशा संस्थानिकाच्या घरून एक जुनी अमेरिकन गाडी घेतली होती. गाडी कसली, जहाजच ते. गल्लीत शिरली की पुढचं तोंड मारुतीच्या देवळापाशी आणि मागचं ढुंगण पिठाच्या गिरणीपाशी. हे वर्णन माझं नाही, आक्काचं आहे. स्टिअरिंगचं चाक डाव्या बाजूला. पुढे एकच लांब बैठक, दिवाणासारखी. गिअर आपले आपण बदलत. आणि चाक फिरवायला आत तेलाच्या जोरावर चालणारी यंत्रणा होती. पॉवर स्टिअरिंग हा शब्द त्या काळी सांगलीत फार तर पाचपन्नास लोकांना ठाऊक असेल, आणि ते सगळे आक्काने पकडून पकडून शिकवलेले.

"आत एक गडी बसलाय," ती सांगायची. "आपण निस्तं बोट लावायचं, वडायचं काम त्यो करतोय. पन त्येला तेल पायजे. तेल कमी पडलं की कण्हतोय, तेल जळलं की कुजकट वास सोडतोय, आन तेलच न्हाई दिलं तर काम टाकून बसतोय. माणसावानीच हाय."

नवरा अचानक गेला. गाडी वाड्याच्या चौकात उभी राहिली आणि कोंबड्या तिच्यावर बसू लागल्या. घरात सासू आणि धाकटा दीर. दीर म्हणाला, "वैनी, विकून टाकू." आक्काने कोंबड्या हाकलल्या आणि जुन्या ड्रायव्हरला बोलावून म्हणाली, "मला शिकव."

यात एक अडचण होती. लहानपणी बैलगाडीतून पडून आक्काचा उजवा हात कोपरात मोडला होता. हाडवैद्याने तो बसवला, पण आपल्या सोयीने बसवला. तो हात सरळ होत नसे, त्यात जोरही नव्हता. साध्या गाडीचं चाक तिला रेटलंच नसतं. या गाडीचं मात्र एका बोटाने फिरे. म्हणजे जगात आक्काला चालवता येईल अशी एकच गाडी होती आणि ती तिच्याच चौकात उभी होती.

शिकवणी झाली हरिपूरच्या बाजूला, मोकळ्या रानात. तिथे जमिनीखाली हळदीची पेवं. खोल विहिरीसारखे खड्डे, वरून तोंड बंद. ड्रायव्हर सारखा ओरडायचा, "आक्का, पेवात जाल!" आक्का म्हणायची, "गेले तर हळदीत पडीन. नवरीवानी बाहीर येईन." ड्रायव्हरने महिना कसाबसा काढला आणि साखर कारखान्यात ट्रॅक्टरवर नोकरी धरली. त्याला विचारलं तर म्हणे, ट्रॅक्टर निदान उलट बोलत नाही.

चाक डाव्या बाजूला असल्यामुळे होणारी गंमत सांगायलाच हवी. सासूला आक्का आत्ती म्हणायची. आत्तींना सुनेचं गाडी चालवणं अजिबात मान्य नव्हतं, म्हणून त्या रोज तिच्याशेजारी बसून फिरायला जात आणि वाटभर आपली नापसंती सांगत. त्या बसत उजवीकडे, म्हणजे जिथे आपल्याकडे ड्रायव्हर असतो तिथे. एकदा चौकातल्या पोलिसाला दिसलं काय, तर भली थोरली गाडी वेगाने येते आहे आणि खिडकीत एक म्हातारी दोन्ही हातांनी अडकित्ता धरून सुपारी कातरते आहे. तो शिट्टी फुंकत मागे धावला.

"आवं आजी, हात सोडून गाडी चालवताय?"

"मग सुपारी काय दातानं फोडू?" आत्ती म्हणाल्या.

पोलिसाला खरा प्रकार कळेपर्यंत आक्काने त्यालाही करंगळी हुंगायला लावली होती.

खरी ओढाताण असे तेलाची. ते तेल लाल, डाळिंबाच्या रसासारखं. मुंबईहून मागवावं लागे, आणि मागवलं म्हणजे येईलच असं नव्हे. आक्का दर आठवड्याला दुकानाच्या पायरीवरून ओरडायची, "साताऱ्या, आलं का रं माझं कुंकू?" आलं की डबा पदराखाली घालून न्यायची. तो ठेवायची देवघरात, कारण घरात धूळ नसलेली तेवढीच जागा. तेलाच्या भांड्याचं झाकण उघडण्याआधीसुद्धा ती भोवतालची माती फडक्याने नीट पुसून घ्यायची. एक खडा आत गेला तर गडी जखमी होतो, म्हणायची. एकदा पूजेला आलेल्या भटजींनी तो डबा समईत ओतला. देवघर धुराने भरलं, देव दिसेनासे झाले, आत्ती खोकत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "देवाला बी ह्या घरात जगू देत न्हाईत!" आक्का म्हणाली, "देवाचं ऱ्हाऊ द्या. माझं किती तेल जाळलं त्ये आधी सांगा."

माधवनगरच्या रस्त्यावर एक मिस्त्री होता. बोलण्यात पटाईत, हातही बरा. तो आक्काला समजवायचा, "आक्का, एवढा जीव काढू नका. तेल म्हंजी तेल. कुठलंबी घाला."

"तर मग तुज्या बायकूला सांग, उद्या भजी एरंडेलात तळ."

मिस्त्रीने त्यानंतर तेलाच्या जातीचा विषय काढला नाही.

पण जे मिस्त्री करायला धजला नाही ते दिराने केलं. दीर तसा वाईट माणूस नव्हता. गुबगुबीत, पांढरी टोपी, पुढारी व्हायची हौस आणि भांडणाची भीती. ही दोन्ही एका अंगात नांदत नाहीत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सोसायटीच्या निवडणुकीला तो उभा राहिला आणि मिरवणुकीसाठी वहिनीची गाडी मागून नेली. चालवायला एक ट्रक ड्रायव्हर धरला. मिरवणूक रांगत चालली, ड्रायव्हर उभ्या गाडीत चाक शेवटपर्यंत पिळून धरून ठेवी, इंजिनाखालून तेल ठिबकू लागलं आणि आतला गडी कण्हू लागला. आवाज लोकांना ऐकू जायला नको म्हणून ड्रायव्हरने हाताला लागलं ते ब्रेकचं तेल आत ओतलं. कण्हणं थांबलं. मिरवणूक पार पडली. दीर निवडणुकीत पडला.

पुढे थोड्याच दिवसांत तेलाला दाब देणाऱ्या पंपातली, गळती अडवणारी रबरी कडी त्या परक्या तेलाने भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगली. तेल आत घालावं तितकं खाली येऊ लागलं. चाक असं जड झालं, की दोन धडधाकट हातांनाही घाम फुटावा. आक्काने एकदा डाव्या हाताने रेटून पाहिलं. मी तिथे होतो. चाक हललं नाही. ती हात पदराला पुसत खाली उतरली. मी बिनविनोदाची आक्का पहिल्यांदा पाहत होतो.

दिराला एवढं निमित्त पुरलं. "वैनी, आता तुमच्यानं फिरायची न्हाई," म्हणत त्याने मिरजेचा एक बँडवाला आणला. त्याला वरातीसाठी गाडी हवी होती. बँडवाल्याने टायरांवर लाथा मारून पाहिल्या, हॉर्न वाजवला, खूश झाला. आक्का जोत्यावर बसून पाहत होती.

आत्ती ओसरीवर तंबाखू मळत होत्या. त्या म्हणाल्या, "इका की. पन आदी मला माझ्या भावाकडं पोचवा, मग इका."

आत्तींचं माहेर साताऱ्याजवळचं. एकुलता एक भाऊ, फौजेतून पेन्शनीवर आलेला, अंथरुणाला खिळला होता आणि बहिणीला बोलवा म्हणून निरोपावर निरोप धाडत होता. आत्तींच्या गुडघ्यांना एसटीच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. दीर "उद्या बघू" म्हणत होता, आणि त्याचा उद्या बरेच दिवस उगवला नव्हता.

"आई, गाडी नादुरुस्त हाय," दीर म्हणाला.

"मग दुरुस्त कर. मोडलीस तूच न्हवं?"

बँडवाला शहाणा माणूस. त्याने चहा घेतला आणि निघून गेला.

तसली रबरी कडी सांगलीत मिळणं शक्यच नव्हतं. मी सुचवलं, तासगावला द्राक्षवाल्यांचे ट्रॅक्टर आहेत. त्यांच्या नांगर उचलणाऱ्या यंत्रातही असलीच कडी असतात, मापाला मिळतीजुळती सापडतील. आक्काने पंपातली जुनी कडी धुऊन काळ्या दोऱ्यात ओवली, हरवायला नकोत म्हणून गळ्यात घातली आणि आम्ही एसटीने निघालो. शेजारच्या बाईने न राहवून विचारलं, "हे काय ओ, आक्का?"

"मालकांची आठवण," आक्का म्हणाली. बाई गहिवरली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

तासगावात दोन दुकानांतून हुसकावून लावल्यावर तिसऱ्यात कडी सापडली. एकेक कडं जुन्यावर ठेवून, ताणून, दाताखाली दाबून आक्काने निवडलं. मिस्त्रीने ती बसवली, आतलं सगळं रॉकेलने धुतलं, लाल तेल भरलं. मग आक्का गाडीत बसली. सुरू करून चाक हळूहळू एका टोकाला, तिथे न अडवता परत दुसऱ्या टोकाला. आत अडकलेली हवा निघते तेव्हा तेलावर फेस येतो. फेस बसला की पुन्हा तेल, पुन्हा चाक. शेवटी तिने करंगळी चाकावर ठेवली आणि ती भली मोठी गाडी जाग्यावर मान हलवू लागली. मिस्त्री म्हणाला, "बघा माझं काम!" आक्का म्हणाली, "तुझं न्हवं, ट्रॅक्टरचं," आणि त्याला पेढा दिला.

सकाळी आम्ही साताऱ्याला निघालो. मला गावी जायचंच होतं, म्हणून मागे मी, लाडवांचे डबे आणि एक घोंगडी. पुढे डावीकडे आक्का, उजवीकडे आत्ती. दिराने वाटेत काही झालं तर म्हणून नारळ वाढवला आणि आपण मागे राहिला.

पेठ गेलं, कराड गेलं. आत्ती खुशीत होत्या, म्हणजे सतत तक्रार करत होत्या. उंब्रज सोडलं आणि आतून कण्हणं ऐकू आलं. आक्काने गाडी बाभळीखाली घेतली. नवी कडी शाबूत होती. पण पंपातून निघणारी जुनी रबरी नळी तडकली होती. डब्यातलं तेल ओतलं. ते पुढच्या गावापर्यंत पुरलं. उरलंसुरलं ओतलं. ते त्याच्या पुढच्या वळणापर्यंत. चिंधी बांधून पाहिली, पण दाबाखालचं तेल चिंधीला कुठलं दाद देतंय!

"आता?" मी विचारलं.

"आता गडी कोरडा पळला तर जळून मरंल. त्येला सोडवाय पायजे," आक्का म्हणाली. पंपाला फिरवणारा पट्टा वेगळा होता. तो काढला तर गाडी चालते, फक्त चाक जड होतं. पाना नव्हता. तिने आत्तींपुढे हात केला. "आत्ती, अडकित्ता."

"माझ्या आईनं दिल्याला हाय त्यो!"

"मग तिच्याच गावाला चाललोय की."

आत्तींच्या आईच्या अडकित्त्याने अमेरिकेचा पट्टा कापायला बराच वेळ लागला. मग प्रश्न उरला चाकाचा. मी म्हणालो, ट्रक थांबवतो, कुणी चालवणारा बघतो. मला स्वतःला गाडी येत नव्हती. विकायचो मी गाडीचे भाग, गाडी परवडायची इतरांना. आक्का काही बोलायच्या आत आत्ती बैठकीवरून सरकत सरकत तिला चिकटून बसल्या आणि त्यांनी आपला डावा हात चाकावर ठेवला.

"सांग, कुनीकडं वडू?"

आणि गाडी निघाली. अगदी बैलगाडीच्या चालीने. सरळ रस्त्यावर काही नव्हतं, वळण आलं की आक्का ओरडायची, "आत्ती, तुमच्याकडं! वडा! वडा!" आत्ती दात-ओठ खाऊन ओढायच्या. मग, "सोडा! आता माझ्याकडं!" तर आत्ती सोडायच्या नाहीत. "आवं सोडा की, झाडावर चाललोय!" "मला शिकवू नगंस!" उभं आयुष्य त्या घरात दोघींनी एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढलं होतं; एकाच दिशेला ओढायचं वळण त्यांना साताऱ्याच्या रस्त्यावर लागलं. एका मोठ्या वळणावर समोरून एसटी आली. आक्काचा डावा हात, आत्तींचा सुरकुतलेला डावा हात, आणि मध्ये तो वाकडा उजवा, तिन्ही चाक एकाच बाजूला ओढत होते. एसटी आमच्या अंगाला वारा लावून गेली. गाडी पुन्हा सरळ झाली. आक्का खाली मान घालून हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत्ती म्हणाल्या, "फुडं बघ, भवाने." पण पदराने तिचं तोंड पुसलं त्यांनीच.

साताऱ्यात पोवई नाक्यावर लोक उभे राहून बघत होते. दोन बाया एकाच चाकाला धरून भांडताहेत असंच त्यांना वाटलं असणार.

माहेरच्या दारात गाडी थांबली. खाटेवरचा भाऊ उठून बसायची धडपड करू लागला. मोठा देखणा म्हातारा, मिशा अजून पलटणीतल्या. बहिणीला बघून त्याने हात पुढे केला. म्हणाला, "कुनी आनलं गं तुला?"

आत्ती खाटेवर टेकल्या, भावाचा हात हातात घेतला आणि माझ्या देखत, आक्काच्या देखत, शांतपणे म्हणाल्या,

"मीच आली गाडी चालवत. ही व्हती संगं."

आक्का दाराआड गेली आणि तिथे तिचा पदर तोंडात कोंबलेला मला दिसला.

मी ट्रंककॉलने निरोप दिला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दीर स्वतः एसटीने नळी आणि पट्टा घेऊन साताऱ्यात हजर झाला. घाबरा झाला होता. आईला धडधाकट पाहिल्यावर वहिनीवर खेकसला, "मेल्या असत्या दोघी!" "मग गाडी इकाय तुला कुनी आडवलं नसतं की!" आक्का म्हणाली. गाडी विकायचा विषय तिथेच संपला. आठवडाभराने भाऊ गेला, बहिणीच्या मांडीवर. आत्ती पुढे दोन-तीन वर्षं होत्या. त्यांचा शेवटपर्यंत दावा होता, की सांगली ते सातारा गाडी आपण आणली.

मी पुढे साताऱ्यात स्वतःचं छोटं दुकान टाकलं. आक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले तेव्हा तिने आपण होऊन मिरजेच्या त्याच बँडवाल्याला बोलावून गाडी दिली आणि त्याला इतकं शिकवलं, की तो म्हणे वरातीत नवऱ्यामुलालाही तेल हुंगायला लावी. त्यानंतर ती एकदा एसटीने माझ्याकडे आली. जाताना बरोबर ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा पकडली. दिसत फारसं नव्हतं, तरी तिथूनच तिचं सुरू झालं, "आरं, केवढं वडतोयस! दमला असशील. भाकरी खातूस का?" ड्रायव्हरने खरंच भाकरी घेतली. मी तिला पाहिली ती तेव्हाची शेवटची.

मग एका दुपारी दुकानाच्या पायरीवर दीर उभा. सुकलेला, टोपी हातात. त्याला मी माझ्या दुकानात कधी पाहिलं नव्हतं.

"वैनी गेली," तो म्हणाला. "झोपेतच. म्हटलं तुमाला सांगावं."

मी त्याला आत बसवलं, चहा मागवला. त्याने तो बशीत ओतला आणि तसाच धरून बसला.

"रोज भांडायची बगा माझ्याशी," तो म्हणाला. "सकाळी उठलं की भांडाण. टोपीवरनं, जेवणावरनं, कायबी काढायची. आता घरात कुनी कायच म्हणत न्हाई. सगळी व्हय-व्हय करत्यात." त्याने बशी खाली ठेवली. "कुनाशी बोलावं त्येच कळंना. म्हणून आलो."

चहा गार झाला तरी आम्ही बसून होतो. मग त्याने टोपी घातली, "येतो," म्हणाला आणि उन्हातून स्टँडकडे चालू लागला. एवढी बातमी कळवायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा तो कोपऱ्यावरून वळला होता.